चहाच्या रंगाचं ऑईल आणि दहा बोल्ट

मागच्या महिन्यात नारायणगावला मामाकडे गेलो होतो. टोमॅटो वाहायची त्याची पिकअप दारातच उभी, आणि मामाचा चेहरा पडलेला. डिपस्टिक काढून माझ्यापुढे धरली. "बघ, तुमच्या ऑफिसातल्या मशीनचा चहा!" खरंच तसाच रंग होता. काळ्या ऑईलच्या जागी काहीतरी दुधाळ, फेसाळ. रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होत होतं, जमिनीवर मात्र एक थेंब नाही. म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटातच जात होतं.

सहा महिन्यांपूर्वी हेच झालं होतं. तेव्हा एका गॅरेजने हेड उतरवून पॅकिंग (म्हणजे हेड गॅस्केट) बदलून दिलं होतं. या वेळी मामाने दुसरे मिस्त्री गाठले. त्यांनी आधी रेडिएटरला हातपंप लावून प्रेशर दिलं आणि काटा उतरतो का ते बघितलं. मग ऑईल कूलर काढून तपासला, कारण तो आतून फुटला तरी अशीच खिचडी होते. तो ठीक निघाला. मग हेड उतरवलं, त्यावर लोखंडी पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकवून पाहिलं. हेडही सरळ. शेवटी त्यांनी काय केलं, तर हेडचा जुना बोल्ट नव्या बोल्टशेजारी उभा केला. जुना उंच! ताणून ताणून लांब झालेला. पहिल्या गॅरेजने पॅकिंग नवं घातलं होतं आणि बोल्ट तेच ठेवले होते.

पुण्याला परत आलो आणि सगळा वीकेन्ड याच विषयावर वाचत बसलो. (हो, मला दुसरे उद्योग नाहीत.) आणि सापडली अमेरिकेतली १९७८ सालची एक गोष्ट.

१९७३ च्या तेलटंचाईने अमेरिका हादरली होती. १९७५ मध्ये कायदा झाला की १९७८ पासून प्रत्येक कंपनीच्या मोटारींनी सरासरी गॅलनला १८ मैल द्यायलाच हवेत. आपल्या हिशेबात लिटरला साडेसात किलोमीटर. तुम्ही हसाल, पण तिथल्या त्या जहाजांएवढ्या गाड्यांना हे जड होतं. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने उपाय काढला, ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल इंजिन. १९७८ मध्ये ते मोटारींबरोबरच शेवरोले आणि जीएमसीच्या हाफ-टन पिकअपमध्येही आलं.

लोक म्हणतात कंपनीने पेट्रोल इंजिनालाच डिझेल पाजलं. हे अर्धंच खरं आहे. ब्लॉक चांगला जाडजूड केला होता, क्रँकशाफ्टचे मेन जर्नल अडीच इंचांवरून तीन इंचांवर नेले होते. चूक झाली ती हेडमध्ये. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक हेडला दहा बोल्ट होते. डिझेललाही तेच दहा, त्याच जागी. का? तर कारखान्यातली जुनी यंत्रसामग्री बदलावी लागू नये म्हणून.

आता बघा, त्या काळच्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण ८ पट दाबली जायची. या डिझेलमध्ये २२.५ पट. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, नुसत्या दाबाने हवा इतकी तापते की इंधन पेट घेतं. प्रत्येक स्फोट हेडला वर ढकलतो. बोल्ट हळूहळू ताणले जातात, हेड केसभर उचललं जातं, पॅकिंगची पकड सुटते, आणि शेजारून वाहणारं कूलंट वाट काढतं. ते ऑईलमध्ये गेलं तर बेअरिंगवरचा ऑईलचा थर तुटतो. सिलिंडरमध्ये साठलं तर आणखी वाईट. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

भरीला भर म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत इंधनातलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरच नव्हता. पाण्याने इंजेक्शन पंप गंजायचे. थंडीत पेट्रोलमध्ये अल्कोहोल टाकायची लोकांना सवय होती, तेच त्यांनी इथेही टाकलं आणि पंपाचे आतले भाग खराब केले. पंप बिघडला की टायमिंग बिघडतं, सिलिंडरमधला दाब आणखी वाढतो, आणि आपण परत त्या दहा बोल्टांपाशी येतो.

मला सगळ्यात जास्त कुठला भाग लागला असेल तर दुरुस्तीचा. डिझेलची सवय नसलेले अनेक मेकॅनिक पॅकिंग बदलायचे आणि ताणलेले बोल्ट पुन्हा आवळायचे. थोड्या दिवसांनी गाडी परत दारात, बिल परत मालकाच्या माथी. मी स्वतः नोकरीत हे केलंय. सर्व्हर पडला की रीस्टार्ट, लॉगमध्ये 'फिक्स्ड', आणि दोन आठवड्यांनी रात्री तीन वाजता पुन्हा फोन. आमच्याकडे निदान त्यात कुणाचे टोमॅटो सडत नाहीत.

१९८१ मध्ये ब्लॉक सुधारला, पण तोवर नाव गेलं होतं. १९८३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या समझोत्यात जीएमने ग्राहकांच्या तक्रारी लवादापुढे न्यायचं मान्य केलं, त्यात हे इंजेक्शन पंपही होते. १९८५ मध्ये इंजिन बंद झालं. अमेरिकन मोटारवाल्यांनी त्यानंतर कित्येक वर्षं डिझेलचं नाव काढलं नाही.

पिकअपमध्ये १९८२ पासून ६.२ लिटरचं वेगळं डिझेल आलं होतं, मुळातूनच डिझेल म्हणून आखलेलं. त्याच्या प्रत्येक हेडला सतरा बोल्ट! आणि ओल्ड्सचा तो दणकट डिझेल ब्लॉक? तो हौशी लोक भंगारातून शोधून आणू लागले, रेसच्या पेट्रोल गाड्यांसाठी.

मामाच्या गाडीला नवे बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने सांगितलेल्या क्रमाने आवळले. दुधाळ ऑईल काढून इंजिन धुतलं, बेअरिंग उघडून बघितली, दोन बदलावी लागली. गाडी आता पुन्हा मार्केटला जातेय. मामा मात्र रोज सकाळी आधी डिपस्टिक काढून बघतो, मगच चहा घेतो. :-)