ऐन वेळी चेंडू काढून घेणारे मित्र

साल 1999. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी, व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्या स्टुडिओत तुम्ही त्यांच्या पाठीमागं उभे आहात. खोकू नका. त्यांचा हात आधीच कापतो. 1981 च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर मागं लागलेलं दुखणं. एस्टरब्रुकची निब कागदाला टेकते आणि रेघ नागमोडी उमटते. ती तशीच राहते. मदतीला कुणी ठेवला असता तर सफाईदार आली असती, पण ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतली चित्रंच काय, पात्रांच्या तोंडची अक्षरंसुद्धा ते स्वतःच काढतात.

24 ऑक्टोबरची रविवारची पट्टी आहे. जरा वाकून बघा. लुसी फुटबॉल धरणार, चार्ली ब्राउन लांबून धावत येणार, ती ऐन वेळी चेंडू काढून घेणार आणि हा पाठीवर आदळणार. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि तरी दर वेळी हसू येतं. या खेपेला मात्र लुसीला घरातून बोलावणं येतं. चेंडू सर्वांत धाकट्या भावाकडे, रीरनकडे सोपवून ती जाते. मग काय झालं, चेंडू काढून घेतलास की मारू दिलास, असं ती विचारते. ते तुला कधीच कळणार नाही, असं रीरन सांगतो.

दोन महिन्यांत कर्करोगाचं निदान आणि निवृत्तीची घोषणा. त्यानंतरच्या टीव्ही मुलाखतीत शुल्झ यांचा गळा दाटून येतो. बिचाऱ्या पोराला चेंडू एकदाही मारता आला नाही, हे त्यांना एकदम जाणवलेलं असतं. म्हणजे पोराला फसवणारी लुसी एकटी नव्हती तर!

आता मागं सरका. 1968 वर फार वेळ रेंगाळायला नको, पण जुलैची 31 तारीख बघूनच पुढं जा. समुद्रकिनारी चार्लीचा चेंडू वाहून गेलाय आणि फ्रँकलिन नावाचा कृष्णवर्णीय मुलगा तो परत आणून देतोय. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन चार महिनेही झालेले नाहीत. लॉस एंजेलिसच्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेनं पत्रं लिहून आग्रह धरला, म्हणून हा मुलगा आला. भाषणबाजी काही नाही. दोघं वाळूचा किल्ला करायला बसतात. मला ही मैत्री फुटबॉलच्या विनोदाहून धाडसी वाटते.

आणखी मागं. 2 ऑक्टोबर 1950, पहिली पट्टी. सात वर्तमानपत्रांत ती छापून आली आहे, तीही शुल्झ यांना कधीच न आवडलेल्या ‘पीनट्स’ या नावानं. वर्तमानपत्रांना पट्ट्या विकणाऱ्या सिंडिकेटनं ते त्यांच्या गळ्यात मारलं. चार चौकटी. शार्मी आणि पॅटी बसलेत, समोरून चार्ली ब्राउन येतोय. शार्मी त्याचं तोंडभरून कौतुक करतो आणि चार्ली पुढं गेल्यावर म्हणतो, हा मला मुळीच आवडत नाही! मालिकेची सुरुवातच पाठीमागं बोलण्यानं होते.

हा खवटपणा कुठून आला, ते बघायला चाळिशीचं दशक सरताना मिनियापोलिसमध्ये उतरा. ‘आर्ट इन्स्ट्रक्शन’ ही टपालानं चित्रकला शिकवणारी संस्था. टेबलांवर विद्यार्थ्यांच्या चित्रांचे गठ्ठे, आणि ती तपासणारी तरुण मंडळी. त्यातले एक शुल्झ. लष्करातून परतून 1946 मध्ये इथं लागले. त्याआधी याच संस्थेचे विद्यार्थी होते, न्हावीकाम करणाऱ्या वडिलांनी फी भरली होती. मुलांची चित्रं काढण्याच्या भागात त्यांना ‘सी प्लस’ मिळालं होतं! तपासणाऱ्याचं पुढं काय झालं असेल, देव जाणे.

सहकाऱ्यांपैकी एकाचं नाव चार्ली ब्राउन. दुसरा लायनस मॉरर, त्याचं नाव पुढं लुसीच्या दुसऱ्या भावाला मिळालं. शुल्झ ब्राउनला विचारतात, तुझं नाव माझ्या पात्राला देऊ का? तो हरकत घेत नाही. उत्सुकतेनं टेबलापाशी येतो आणि गोल गरगरीत डोक्याचं चित्र बघून हिरमुसतो. हा किस्सा शुल्झ स्वतः सांगत. कुणा रुबाबदार नायकाची अपेक्षा असणार बिचाऱ्याची. वाट्याला आला आयुष्यभर हरणारा पोरगा.

माझ्या मते ‘पीनट्स’मधल्या मैत्रीचं सगळं मर्म त्या टेबलापाशी आहे. मित्राला हवं तितकं टोचावं, कारण तो उद्या परत येणारच असतो. चार्लीही लुसीकडे परत येतोच. ती दुष्ट आहे म्हणून नव्हे, खेळायला तीच आहे म्हणून.

शुल्झ 12 फेब्रुवारी 2000 ला गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शेवटची रविवारची पट्टी छापून आली. एकूण 17,897 पट्ट्या. आपल्यामागं ही मालिका दुसऱ्या कुणी काढू नये, ही त्यांची इच्छा घरच्यांनी पाळली. पेपरांत आजही जुन्याच पट्ट्या येतात. 2004 पासून त्यांचे खंड निघाले. हाती लागले तर 1950 पासून सुरुवात करू नका, तेव्हा पात्रं अजून कच्ची आहेत. साठच्या दशकातला एखादा खंड उघडा आणि मग मागं जा.