मागच्या आसाचा आकडा

मोटारीची गोष्ट निघाली की बोलणे एंजिनवर जाते. अश्वशक्ती किती, वेग किती, पेट्रोल किती खाते, एवढे विचारून झाले की आपली चौकशी संपते. पण गाडीच्या खाली वाकून पाहिलेत, तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा दिसेल. त्याच्याबद्दल सहसा कोणी विचारीत नाही. गाडी चढावर धापा टाकील की सपाटीवर सुखाने पळेल, याचा निम्मा निकाल मात्र त्या गोळ्याच्या पोटातच लागलेला असतो.

त्या पोटात आहे तरी काय? एंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. त्याला मिस्त्री लोक पिनियन म्हणतात. पिनियन ज्याला फिरवतो ते मोठे चाक म्हणजे क्राऊन. पिनियनचे किती फेरे झाले म्हणजे क्राऊनचा, अर्थात मागच्या चाकांचा, एक फेरा पुरा होतो, हाच मागच्या आसाचा आकडा. आकडा मोठा असला की जोर जास्त मिळतो, पण त्याच वेगाला एंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात. आकडा लहान असला की एंजिन निवांत राहते, पण उभ्या गाडीला हलवताना ते कुरकुरते. दोन्ही सुखे एकाच आकड्यात मिळत नाहीत, आणि साऱ्या तंट्याचे मूळ तेच आहे.

हे आकडे ३, ४ असे सरळ का नसतात, ३.५५, ३.७०, ४.११ असे वेडेवाकडे का असतात, असे तुम्ही विचाराल. त्यामागे शहाणपण आहे. पिनियनला ९ दाते आणि क्राऊनला ३६ दाते ठेवले, तर पिनियनचा प्रत्येक दाता जन्मभर क्राऊनच्या त्याच चार दात्यांशी झगडत राहील. एखादा दाता किंचित खरबरीत निघाला, तर तेवढेच चार दाते झिजतील. क्राऊनला ३७ दाते केले की प्रत्येक दाता पाळीपाळीने सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. ३७ ला ९ ने भागा म्हणजे ४.११ हा आकडा हाती येईल.

आता थोडे मागे जाऊ. वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे चाक जलद फिरावे अशी दातेरी योजना फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने १८२८ साली पेटंट केली होती. तेव्हा पेट्रोलची मोटार जन्मालाही आली नव्हती. पुढे मोटारी आल्या, पण पहिल्या काळात पुष्कळ गाड्यांची मागची चाके सायकलसारखी साखळीने फिरत. साखळी होती तोवर आकडा बदलणे सोपे होते. लहान दातेरी चक्र काढून मोठे बसवले की झालं! मग १८९८-९९ च्या सुमारास लुई रेनॉने साखळीऐवजी फिरता दांडा वापरून दाखवला, आणि हळूहळू सगळ्यांनी तोच मार्ग धरला. साखळीचा खडखडाट गेला, धूळचिखल गेला, पण आकडाही लोखंडी पेटीत बंद झाला. तो बदलायचा तर आस उघडावा लागतो, आणि दात्याला दाता बरोबर जुळवण्याचे काम कसबी हाताचे असते. तेव्हापासून हा आकडा गाडी घेतानाच विचार करून ठरवण्याचा झाला.

याच काळात दुसरीकडे आणखी एक शोध लागत होता. जर्मनीत हेरमान फ्योटिंगर नावाच्या एंजिनियराने १९०५ साली द्रवातून शक्ती पोहोचवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्यापुढे प्रश्न होता जहाजांचा. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते, आणि पाण्यातला पंखा तर सावकाश फिरायला हवा. मग मध्ये काय ठेवावे? त्याने एका पात्यांच्या चाकाने द्रव फेकला, तो दुसऱ्या चाकावर आदळवला आणि मधल्या स्थिर पात्यांनी त्याचा मोहरा वळवून जोर वाढवून घेतला. यालाच पुढे टॉर्क कन्व्हर्टर असे नाव पडले. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गिअरपेटी आली, आणि १९५० साली शेव्हरलेने पॉवरग्लाइड काढली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर होता आणि पुढे जाण्याचे गिअर फक्त दोन होते.

वाचकहो, आपली खरी गोष्ट इथून सुरू होते. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने कॉर्व्हेट नावाची दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार मांडली. अंग काचतंतूंचे, रंग पांढरा, आतली बैठक तांबडी. लोकांनी गर्दी केली. त्याच वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंट गावी ३०० गाड्या तयार झाल्या. एंजिन सहा सिलिंडरांचे, १५० अश्वशक्तीचे होते. गिअरपेटी मात्र तीच, दोन गिअरांची पॉवरग्लाइड. मागच्या आसाचा आकडा ३.५५.

रसिकांनी नाक मुरडले. क्लच नाही, हाताने गिअर पाडायची सोय नाही, ही कसली स्पोर्ट्स मोटार? त्यांची तक्रार केवळ अभिमानाची होती की तिच्यात तथ्य होते, हे आपण गणितानेच तपासू.

त्या गाडीचे चाक एका मैलात सुमारे ७६० फेरे घेई. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर वेगाला गाडी मिनिटात एक मैल जाते, तेव्हा चाकाचे मिनिटाला ७६० फेरे होतात. त्याला ३.५५ ने गुणा. वरच्या गिअरमध्ये एंजिनाचे सुमारे २,७०० फेरे झाले. लांबच्या प्रवासाला हे ठीकच होते. खालच्या गिअरचा आकडा १.८२. त्याला ३.५५ ने गुणले की ६.४६ येतात. १९५७ सालच्या हाताने टाकायच्या चार गिअरांच्या कॉर्व्हेटमध्ये पहिला गिअर २.२० चा होता. मागचा आस ३.७० चा धरला तर गुणाकार ८.१४ होतो. म्हणजे पॉवरग्लाइड निघतानाच दुबळी, असे म्हणायचे का? तसे नाही. उभ्या गाडीला हलवताना कन्व्हर्टर एंजिनाचा जोर सुमारे दुप्पट करतो. पहिल्या ढकलीला ती मुळीच कमी नव्हती. फक्त गाडी वेग घेऊ लागली की ही दुपटीची देणगी ओसरत जाते.

खरी अडचण पुढे होती. एंजिन ४,५०० फेऱ्यांपर्यंत ताणले, तर खालचा गिअर सुमारे ताशी ५५ मैलांपर्यंत पुरे. तिथे वरचा गिअर पडला की एंजिन एकदम २,५०० फेऱ्यांच्या खाली येई. जोमात धावणाऱ्या माणसाला मध्येच खुर्चीत बसवावे, तसे होई. मग आस बदलून हे दुखणे बरे झाले असते का? समजा, ३.५५ काढून ४.५६ चा आस बसवला. निघताना जोर वाढेल यात शंका नाही. पण खालचा गिअर आता ताशी ४३ मैलांवरच संपेल, आणि फेरे पडायचे तेवढेच पडतील! वर ६० मैलांच्या वेगाला एंजिन जवळजवळ ३,५०० फेऱ्यांवर ओरडत राहील, ते वेगळेच. हे नीट ध्यानात घ्या. मागचा आस सगळ्या गिअरांना सारखेच गुणतो. दोन गिअरांमधली दरी त्याला बुजवता येत नाही. मालकांचे पुष्कळ पैसे याच गैरसमजापायी वाया जातात.

जनरल मोटर्सला या निवडीची किंमत मोजावी लागली. १९५४ साली ३,६४० कॉर्व्हेट झाल्या, पण त्यांतल्या बऱ्याच विकल्या न जाता पडून राहिल्या. १९५५ साली अवघ्या ७०० झाल्या आणि गाडी बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली. सारा दोष गिअरपेटीचा नव्हे. किंमत होती, बांधणीतल्या उणिवाही होत्या. पण त्याच वर्षी फोर्डने थंडरबर्ड काढली आणि १६,००० हून अधिक विकल्या. आपल्या विषयाला ती गाडी मोठी बोधप्रद आहे. एंजिन तेच, पण गिअरपेटीनुसार आस निराळा. साधी तीन गिअरांची पेटी घेतली तर ३.७३, वर ओव्हरड्राइव्ह जोडला तर ३.९२, आणि स्वयंचलित घेतली तर ३.३१. ओव्हरड्राइव्ह सपाटीवर फेरे कमी करतो, म्हणून तिथे आस जोरकस ठेवता आला. स्वयंचलितात कन्व्हर्टर निघताना हात देतो, म्हणून तिथे आस निवांत ठेवला. आकडा एकट्याने निवडायचा नसतो, त्याचे सोबती पाहून निवडायचा असतो, हे तिथे उघड दिसते.

कॉर्व्हेट मात्र बुडाली नाही. १९५५ साली तिला आठ सिलिंडरांचे १९५ अश्वशक्तीचे एंजिन मिळाले. रशियन वंशाचे एंजिनियर झोरा अर्कस-डंटोव्ह यांनी तिला खऱ्या शर्यतीची गाडी बनवण्याचा ध्यास घेतला, आणि जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर तिला सरासरी ताशी १५० मैलांच्या पुढे नेऊन दाखवले. १९५७ साली चार गिअरांची पेटी आली, आणि ३.७०, ४.११, ४.५६ असे आस मागून घेता येऊ लागले. स्वयंचलित घेणाऱ्याला मात्र ३.५५ वरच समाधान मानावे लागे. म्हणजे निवडीची मौज हाताने गिअर टाकणाऱ्यालाच होती.

ही कोंडी फोडली ती नव्या गिअरपेटीने. १९६८ च्या कॉर्व्हेटमध्ये पॉवरग्लाइड जाऊन तीन गिअरांची टर्बो हायड्रामॅटिक आली. तिचे आकडे २.४८, १.४८ आणि १. आता मागचा आस ३.०८ इतका हलका धरला, तरी पहिल्या गिअरचा गुणाकार ७.६४ होतो. जुन्या ६.४६ पेक्षा तो जास्तच आहे! आणि ताशी ६० मैलांना, चाक तेच धरले तर, एंजिनाचे फेरे २,७०० वरून सुमारे २,३५० वर आले. निघताना जोर वाढला आणि पळताना शांतताही वाढली. नुसता आस पाहणारा माणूस ३.५५ पेक्षा ३.०८ ही गाडी मंद समजला असता आणि पुरता फसला असता.

मग आली तेलाची टंचाई. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालण्याचा कायदा झाला. १९७५ च्या कायद्याने तर कारखान्यांवरच बंधन आले. १९७८ च्या गाड्यांनी सरासरीने एका गॅलनला १८ मैल, आणि १९८५ च्या गाड्यांनी २७.५ मैल दिले पाहिजेत! आता मागच्या आसाचा आकडा हौशी माणसाच्या हातून निघून सरकारी हिशेबात गेला. एंजिनाचे फेरे कमी करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे हलका आस. पण गिअर तीनच असताना आस फार हलका केला की गाडी निघताना अडते. त्यावर उपाय झाला चौथ्या गिअरचा. १९८२ च्या कॉर्व्हेटला चार गिअरांची नवी स्वयंचलित पेटी मिळाली, आणि त्या वर्षी हाताने गिअर टाकायची गाडी मिळतच नव्हती. तिचा पहिला गिअर ३.०६, तर चौथा ०.७०. आस २.७३ चा धरून पाहा. निघतानाचा गुणाकार ८.३५, आणि पळतानाचा केवळ १.९१. चाक तेच धरले तर ६० मैलांना एंजिनाचे फेरे जेमतेम १,४५०. १९५३ साली जे दोन सुख एकमेकांचे वैरी होते, ते तीस वर्षांत शेजारी नांदू लागले.

तेव्हा उद्या तुमच्या हाती अशी एखादी जुनी स्वयंचलित स्पोर्ट्स मोटार आली आणि कोणी म्हणाले, ४.११ चा आस घाला, गाडी उडेल, तर लगेच मान डोलावू नका. आधी पहिल्या गिअरचा आकडा विचारा आणि आसाने गुणा. मग वरच्या गिअरचाही तसाच गुणाकार करा आणि तुम्ही ज्या वेगाने नेहमी जाता त्या वेगाला एंजिनाचे फेरे किती होतात ते काढा. चाकाची उंचीही मोजा, कारण उंच टायर घातला की आस आपोआप हलका होतो. टायर किंवा आस बदलला की वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो, म्हणून त्याचे लहान दातेरी चाक बदलून घ्यावे लागते. शेवटी स्वतःला विचारा, ही गाडी मी पाव मैलाच्या शर्यतीला नेणार की आठवड्यातून एकदा दोनशे मैलांच्या प्रवासाला? पहिल्याला ४.११ शोभेल. दुसऱ्याला तीन गिअरांच्या पेटीवर तो आस म्हणजे तासन् तास कानाशी गिरणी.

१९५३ साली ज्या दोन पेडलांच्या गाडीला रसिकांनी स्पोर्ट्स मोटार म्हणायला नकार दिला, तिच्या २०२० च्या अवतारात क्लचचे पेडलच उरले नाही. आठ गिअर, आणि ते यंत्रच आपणहून टाकते. इतके गिअर असल्यावर मागच्या आकड्याची पूर्वीची दहशत राहिली नाही. पण जोर हवा की निवांतपणा हवा, हा प्रश्न काही मिटलेला नाही. पूर्वी तो एका आकड्यात सोडवावा लागे, आता तो आठांत वाटून घेतला आहे, इतकेच.