प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतरचा मूत्र-असंयम : उपचारांच्या इतिहासातील ‘कोरडेपणा’चा प्रश्न

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली कर्करोगग्रस्त प्रोस्टेट ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली. रुग्ण वाचणे हाच तेव्हा यशाचा निकष होता. ग्रंथीच्या खालोखाल मूत्रमार्गाला वेढणारा आकुंचक स्नायू दुखावल्यास लघवीवरील ताबा सुटतो, आणि काही रुग्णांत तो कायमचा सुटतो. या परिणामाकडे वैद्यकाने दीर्घकाळ अपरिहार्य किंमत म्हणूनच पाहिले.

या व्याधीच्या उपचारांचा इतिहास बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः ‘बरा झालेला रुग्ण’ कोणास म्हणावे, या व्याख्येचाही तो इतिहास आहे.

मूत्रनलिकेमुळे (कॅथेटरमुळे) प्रसिद्ध असलेल्या फ्रेडरिक फोली यांनी १९४७ मध्ये मूत्रमार्गावर बाहेरून दाब देणारे फुगवण्याजोगे कडे मांडले. त्याचा पंप रुग्णाने खिशात बाळगावयाचा होता. पुढील वर्षी आर्नोल्ड केगल यांनी श्रोणितळाच्या स्नायूंचे व्यायाम प्रसिद्ध केले. ते मूलतः स्त्रियांसाठी होते. पुरुषांच्या उपचारांत ते नंतर आले.

निर्णायक टप्पा १९७२ चा. ब्रँटली स्कॉट, विल्यम ब्रॅडली व जेराल्ड टिम यांनी संपूर्णपणे शरीरात बसणारा कृत्रिम आकुंचक प्रत्यक्षात आणला. आरंभीच्या रचनेत कडे भरण्यासाठी एक व रिकामे करण्यासाठी दुसरा असे दोन पंप होते. १९८० च्या दशकात आलेल्या ‘एएमएस ८००’ मध्ये वृषणकोशातील एकच पंप पुरेसा झाला. तो दाबला की कड्यातील द्रव पोटातील फुग्यात जातो, मूत्रमार्ग मोकळा होतो आणि काही मिनिटांत कडे आपोआप पुन्हा भरते. चार दशकांनंतरही हीच रचना तीव्र असंयमावरील प्रमाण उपचार मानली जाते. झीज, संसर्ग वा मूत्रमार्गाची हानी झाल्यास मात्र पुन्हा शस्त्रक्रिया अटळ ठरते.

दरम्यान पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये लैंगिक क्षमतेच्या नसा राखणारी पद्धत रूढ केली. रक्तस्राव आटोक्यात आल्याने शल्यविशारदास आकुंचक स्नायू स्पष्ट दिसू लागला. प्रतिबंधाच्या दृष्टीने हा लाभ कोणत्याही उपकरणाहून मोठा मानावा लागेल.

व्यायामाविषयीची श्रद्धा २०११ मध्ये डळमळली. ‘लॅन्सेट’मधील ब्रिटिश चाचणीत, समूळ शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनीही गळती असलेल्या पुरुषांपैकी काहींना प्रशिक्षकाने समक्ष व्यायाम शिकवले, इतरांना नेहमीची सेवा मिळाली. वर्षभरानंतर गळती राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७६ व ७७ टक्के होते. व्यायाम निरुपयोगी आहे, असा अर्थ यातून काढणे घाईचे होईल. समक्ष शिकवणीचा वेगळा लाभ दिसला नाही, इतकेच सिद्ध झाले.

मूत्रमार्गास आधार देणारी ‘स्लिंग’ नावाची पट्टी एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आली. तिची कृत्रिम आकुंचकाशी थेट तुलना करणाऱ्या ‘मास्टर’ चाचणीचे (२०२१) निष्कर्ष बोलके आहेत. किंचितही गळती म्हणजे असंयम, अशी कठोर व्याख्या घेतली असता एका वर्षानंतर पट्टी बसवलेल्यांपैकी ८७ टक्के व आकुंचक बसवलेल्यांपैकी ८४ टक्के पुरुष असंयमीच ठरले. तरीही दोन्ही गटांत लक्षणे पुष्कळ कमी झाली होती आणि बहुसंख्य पुरुष समाधानी होते. आकुंचकाच्या गटात समाधान अधिक आढळले.

पट्टीत हलणारा भाग नाही, रुग्णास काही दाबावे लागत नाही. म्हणून सौम्य व मध्यम गळतीत ती सुचवली जाते. आकुंचकाचा पंप मात्र हाताच्या बोटांत पुरेसे बळ असलेल्यासच वापरता येतो.