चेहरा नसलेले रामायण : ‘लिटल बॅले ट्रूप’ घडवणारी माणसे

१९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ नावाची एक छोटी नृत्यसंस्था उभी राहिली. तिने बसवलेल्या ‘रामायणा’त राम, सीता, लक्ष्मण, रावण सारे आहेत, पण त्यांच्यापैकी एकाचाही खरा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. नर्तकांनी मुखवटे घातलेले असतात आणि ते कळसूत्री बाहुल्यांसारखे हलतात. हात कोपरातून काटकोनात वळतात, मान झटक्याने फिरते, पाऊल उचलले जाते तेही वरून कुणी दोरी ओढल्यासारखे. डोळे, भुवया आणि ओठ यांचा अभिनय ज्या देशात शास्त्र म्हणून शिकवला जातो, त्या देशात एका नृत्यदिग्दर्शकाने नर्तकाचा चेहराच काढून घेतला. माझ्या मते विसाव्या शतकातील भारतीय नृत्यातला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे.

या नृत्यदिग्दर्शकाचे नाव शांती बर्धन. नृत्याच्या इतिहासात हे ‘रामायण’ बहुधा एका ओळीत येते : ‘बर्धन यांची अजरामर कलाकृती’. ती ओळ खोटी नाही, अपुरी आहे. आजचा हा धागा त्या ओळीत न मावलेल्या माणसांविषयी.

सुरुवात जरा दूरवरून करावी लागेल, थेट पॅरिसपासून.

१९३१ साली उदय शंकर यांच्या नृत्यसंचाने पॅरिसच्या रंगमंचावर पदार्पण केले. संच उभा राहावा म्हणून स्विस शिल्पकार अ‍ॅलिस बोनर यांनी पैसा, श्रम आणि नजर तिन्ही दिले होते. फ्रेंच नर्तकी सिमकी उदय शंकरांची जोडीदार होती. वाद्यवृंदात तिमिर बरन होते आणि होते विष्णुदास शिराली. शिराली हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. म्हणजे कुरुंदवाड-मिरजेच्या मातीतून निघून लाहोर-मुंबईत रुजलेली गायकी पॅरिसमध्ये एका नर्तकाच्या पावलांसाठी नव्याने रचली जात होती. उदय शंकरांच्या ‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटाचे संगीतही शिरालींचेच. उदय शंकर हे नाव ठाऊक असणाऱ्या दहा जणांपैकी किती जणांना शिराली ठाऊक असतील, हा प्रश्न मी इथे फक्त नोंदवून ठेवतो.

पुढे उदय शंकरांनी अल्मोड्याला कलाकेंद्र काढले. तिथे भरतनाट्यम्‌साठी कंदप्पा पिळ्ळै, कथकलीसाठी शंकरन् नंबुद्री, मणिपुरीसाठी अमुबी सिंग आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ असे गुरू होते. विद्यार्थ्यांची नावे वाचली की आज हिंदी चित्रपटाची श्रेयनामावली वाचल्यासारखे वाटते. त्यांत गुरू दत्तही होते. अल्मोड्याहून परतल्यावर ते पुण्याच्या प्रभात कंपनीत दाखल झाले आणि तिथे त्यांच्याकडे नृत्यदिग्दर्शनाचेही काम आले. नाशिकला जन्मलेल्या शांता गांधी अल्मोड्यात होत्या. नरेंद्र शर्मा, सचिन शंकर होते. आणि कोमिल्ल्याहून आलेले, मणिपुरी नृत्यात मुरलेले शांती बर्धन होते.

अल्मोड्याच्या दोन गोष्टी पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवा. पहिली, तिथली छायानाट्याच्या रूपातली रामलीला. नर्तक पांढऱ्या पडद्यामागे आणि प्रेक्षकांसमोर केवळ सावल्या. चेहरा तिथेही नव्हताच. दुसरी, ‘लेबर अँड मशिनरी’ हे नृत्यनाट्य. माणसे यंत्र होतात, यंत्राच्या तालावर शरीर चालू लागते आणि एका क्षणी ते शरीर थांबते : संप. मी सोलापूरच्या भवानी पेठेत राहतो. यंत्रमागाचा खडखडाट हे इथल्या सकाळीचे घड्याळ आहे. मागावर काम करणाऱ्या माणसाचा खांदा कापड न विणतानाही विशिष्ट लयीत हलतो, हे या पेठेत वाढलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागत नाही. नृत्यात यंत्र आणण्याची कल्पना एखाद्या समीक्षकाला परदेशी वाटली असेल. गिरणगावाला वाटली नसती.

अल्मोड्याचे केंद्र १९४४च्या सुमारास बंद पडले. एवढी शिकलेली शरीरे आता जाणार कुठे?

त्याआधीच मुंबईत एक दार उघडले होते. मे १९४३मध्ये ‘इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन’, म्हणजेच ‘इप्टा’, स्थापन झाली. पहिले अध्यक्ष कामगार पुढारी ना. म. जोशी आणि सरचिटणीस सिलोनच्या अनिल डिसिल्वा (नावावरून फसू नका, या बाई होत्या). खजिनदार ख्वाजा अहमद अब्बास. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक लिहिणारे तेच अब्बास. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. बिनय रॉय यांचे पथक गाणी गात मदतनिधी गोळा करत देशभर फिरत होते. त्या फिरतीतूनच एक कायमस्वरूपी मध्यवर्ती पथक असावे असा विचार पुढे आला आणि १९४४ साली अंधेरीत ते पथक राहू लागले.

मराठी वाचकाला या काळातले एक पथक नीट माहीत असते : अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर आणि आपल्या बार्शीचे अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक. तेही १९४४चेच. कलापथक परळ-लालबागच्या चाळींसमोर उभे राहायचे, तर अंधेरीचे पथक नृत्यातून तेच बोलू पाहत होते. एकाच चळवळीच्या या दोन फांद्या. पहिलीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, कारण ती आपल्या भाषेत बोलत होती. दुसरीला भाषाच नव्हती, म्हणून ती कुणाच्याच वाट्याला आली नाही.

अंधेरीत कोण होते? नृत्यदिग्दर्शनाला शांती बर्धन. संगीताला अबनी दासगुप्ता आणि नंतर रविशंकर. उदय शंकरांचे हे धाकटे भाऊ तेव्हा पंचविशीतले होते. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज आपण सारे गातो ती चाल त्यांनी १९४५ साली इप्टात असतानाच बांधली. शांता गांधी आणि त्यांच्या बहीण दीना (पुढे चित्रपटांतल्या दीना पाठक) होत्या. रेखा जैन होत्या, ज्यांनी नंतर दिल्लीत मुलांच्या रंगभूमीला आयुष्य वाहिले. केरळहून आलेले अप्पुण्णी कर्ता होते. प्रभात गांगुली होते. आणि मुंबईतली एक गुजराती तरुणी होती, गुल झवेरी. तिचे नाव विसरू नका. इप्टाचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांनी काढले, तेही याच वर्तुळातले.

ही सारी मंडळी एकत्र राहत. स्वयंपाकघर एक, तालीम सकाळपासून. बंगाली, मल्याळी, गुजराती, हिंदी भाषक एकाच छताखाली. कुणी शास्त्रीय शिक्षण घेतलेले, तर कुणी कधीही न नाचलेले. इथे बर्धन यांचे खरे वैशिष्ट्य दिसते. न शिकलेल्या शरीराला काय साधेल, ते पाहून ते नृत्य रचत. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ या पहिल्या कार्यक्रमात नगाऱ्याची हाक होती, रामलीला होती आणि लंबाडी नृत्यही होते. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर जे लमाणी पाऊल पडते, त्याचेच भावंड. १९४५मध्ये ‘इंडिया इम्मॉर्टल’ आले, संगीत रविशंकरांचे. १९४६च्या ‘धरती के लाल’मध्ये दिग्दर्शक अब्बास, संगीतकार रविशंकर आणि नृत्ये बर्धन यांची. त्याच वर्षी शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आला, कथा पुन्हा अब्बासांची. अंधेरी आणि सोलापूर यांच्यातले अंतर त्या काळात नकाशावर दिसते तेवढे नव्हते.

पथक मात्र फार टिकले नाही. कम्युनिस्ट पक्षाचे धोरण बदलत गेले, कलावंतांची घुसमट वाढली आणि फाळणीच्या उंबरठ्यावर अंधेरीचे घर रिकामे झाले. जाता जाता याच मंडळींपैकी अनेकांनी नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वर त्याच नावाचे नृत्यनाट्य बसवले. नृत्यरचना बर्धन, संगीत रविशंकर. १९४७च्या वसंतात दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली, तेव्हा तिथे त्याचा प्रयोग झाला.

त्यानंतर बर्धन यांना क्षयाने गाठले. एक फुप्फुस गेले. नर्तकाचे फुप्फुस जाणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि इथेच ‘लिटल बॅले ट्रूप’चा जन्म आहे. १९५२ साली, स्वतः पूर्वीसारखे नाचू न शकणाऱ्या माणसाने नृत्यसंस्था काढली. भोवती जमले ते बहुतेक अंधेरीच्या पथकातलेच जुने सोबती. बाहुल्यांच्या ‘रामायणा’ची कल्पना राजस्थानी कठपुतळीवरून सुचली असे सांगतात : जत्रेत खेळिये येतात, खेळ मांडतात आणि बाहुल्या रामकथा करू लागतात. आपल्यालाही हे परके नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्यांवर रामायण-महाभारत करत आले आहेत, आणि ज्ञानेश्वरीत अशा बाहुल्यांसाठी ‘सायखडे’ हा शब्द येतो. बाहुलीने माणसाचे सोंग करणे ही जुनी परंपरा. माणसाने बाहुलीचे सोंग करणे, हे नवे.

आता मूळ प्रश्नाकडे. हे ‘रामायण’ कुणाचे? रचना निःसंशय बर्धन यांची. पण माणूस बाहुली दिसायचा असेल, तर मुखवटा आणि पोशाख हीच अर्धी रचना असते. कापडाची घडी कुठे ताठ राहावी, मुखवट्याची कड कुठे चौकोनी असावी, यावर हाताची हालचाल ठरते. ते काम अप्पुण्णी कर्ता यांचे. संगीत सरोदवादक बहादूर खाँ यांचे. अल्लाउद्दीन खाँचे पुतणे, वय जेमतेम विशीतले. बाहुलीला श्वास नसतो, त्यामुळे हालचाल कुठे सुरू होते आणि कुठे तुटते हे प्रेक्षकाला कानानेच कळते. तिथे संगीत पार्श्वभूमीला राहूच शकत नाही, दोरी तेच ओढते. नर्तकांविषयी तर काय बोलावे! मुखवट्यामागचा माणूस ओळखला जाणार नाही, हे आधीच मान्य करून ते उभे होते.

माझा एक तर्क, पटला तर घ्या. अल्मोड्याची सावली, अंधेरीतले सामुदायिक जगणे आणि आजारी शरीर या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळेच चेहरा जाऊ शकला. एकट्या प्रतिभावंताला आपला चेहरा इतक्या सहज टाकवत नाही.

सोलापुरी चादरीवर छाप कारखान्याची असते. कांड्या भरणाऱ्या बाईचे किंवा रंगाऱ्याचे नाव त्यावर कधीच नसते, आणि त्यात कारखानदाराला काही वावगे वाटत नाही. कलेच्या इतिहासानेही तसेच वागावे, हे मात्र मला खटकते. कारण इथे नावे हरवलेली नाहीत. ती कार्यक्रमपत्रिकांत छापलेली आहेत. आपण पहिल्या ओळीपाशीच वाचायचे थांबतो.

बर्धन १९५४ साली गेले. ‘पंचतंत्रा’वरचे दुसरे नृत्यनाट्य त्यांनी अखेरच्या आजारपणात रचायला घेतले होते. त्यात हरिण, कावळा, कासव आणि उंदीर या चार मित्रांची गोष्ट आहे, म्हणजे पुन्हा माणसाचा चेहरा नाहीच. ते रंगमंचावर उभे केले मागे राहिलेल्यांनी.

संस्था इथे संपायला हवी होती. संस्थापक गेलेला, पैसा नाही, आणि नृत्य ही अशी कला की तिची पोथी नसते. नर्तक पांगले की कलाकृती नाहीशी होते. पण गुल झवेरी आता गुल बर्धन होत्या. त्यांनी आणि प्रभात गांगुलींनी संच धरून ठेवला. गांगुलींनी नवी नृत्यनाट्ये रचली. गुल यांनी ‘रामायण’ आणि ‘पंचतंत्र’ शरीरातून शरीरात, पिढीकडून पिढीकडे सोपवले. साठच्या दशकात संस्था मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेली, पुढे भोपाळला. नावाआधी ‘रंगश्री’ लागले. मुंबईने तिला का जाऊ दिले, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे आणि तो लिहिताना मला राग आवरावा लागेल.

१९९२ साली गुल यांनी शांती बर्धन यांच्यावर ‘ऱ्हिदम इनकार्नेट’ हे पुस्तक सिद्ध केले. २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. शांती बर्धन यांनी ही संस्था जेमतेम दोन वर्षे चालवली. गुल यांनी छप्पन्न. संस्थापक म्हणून आपण कुणाला लक्षात ठेवतो ते पाहा.

ज्यांना पुढे शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी : ‘कल्पना’ची दुरुस्त प्रत २०१२ साली कान महोत्सवात दाखवली गेली. त्यातला यंत्र आणि कामगारांचा प्रसंग आवर्जून पाहा, आणि पाहताना शिरालींच्या तालाकडे कान ठेवा. ‘धरती के लाल’ पाहाल तेव्हा सुरुवातीची नामावली पुढे ढकलू नका. प्रत्येक नाव थांबवून वाचा, आणि त्यातले कुणी तुमच्या जिल्ह्यातले निघाले तर इथे खाली लिहा.