वाचक आणि त्याचा लेखक : नेपियर टाउनमधील एक उदाहरण

वाचनाचा इतिहास म्हटला की आपण प्रथम पुस्तकांकडे वळतो : कोणते पुस्तक कधी निघाले, किती आवृत्त्या झाल्या. पण आवडत्या लेखकाचे एक पुस्तक वाचून संपल्यावर पुढचे हाती येईपर्यंत वाचक काय करत असे? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथसूचीत मिळत नाही. ते नियतकालिकांत शोधावे लागते.

मराठीतले ठळक उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली सुरू झाले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. इंग्लंडमध्ये १८३६ पासून डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ असेच मासिक भागांनी निघत होते. ठरलेल्या दिवशी लेखक घरी येणार, अशी सवय वाचकाला लागली. मात्र तिथे वाचक वाट पाहणारा होता. त्याचा आवाज क्वचितच छापला जाई.

आता जबलपूरकडे या. आज मध्य प्रदेशात असलेले हे शहर १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी-हिंदी शेजार इथे जुना आहे. या शहरातील नेपियर टाउन भागात हिंदीतील व्यंगलेखक हरिशंकर परसाई राहत असत. शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी लेखणीवरच संसार चालवला. ही बाब महत्त्वाची आहे. पुस्तकांच्या मानधनावर घर चालणे कठीण. वृत्तपत्रातील सदराचे पैसे नियमित येत. म्हणून परसाईंचे बरेचसे लेखन सदरांच्या रूपात आहे : ‘नई दुनिया’त ‘सुनो भई साधो’, मुंबईहून निघणाऱ्या ‘सारिका’त ‘कबिरा खड़ा बाजार में’. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूसही चहाच्या टपरीवर आलेल्या अंकातून त्यांना गाठू शकत होता.

१९५६ सालीच परसाईंनी जबलपूरहून ‘वसुधा’ हे मासिक काढले. मराठी कुटुंबात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची ‘एक साहित्यिक की डायरी’ वाचकांना आधी तिथे भेटली, पुस्तकरूपाने नंतर. (त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत, एका घराचे वाचक दोन भाषांत वाटले गेले होते.) मासिक आर्थिकदृष्ट्या टिकले नाही, ते काही वर्षांतच बंद पडले.

आपल्या विषयासाठी सर्वांत मोलाचे आहे ते यानंतरचे, १९८० च्या दशकातील सदर. पाय मोडल्यानंतर परसाईंचे हिंडणेफिरणे फार कमी झाले होते. ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या संग्रहाच्या नावामागे हाच मोडलेला पाय आहे, आणि त्याच पुस्तकाला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक बाहेर जाऊ शकत नव्हता, तेव्हा वाचकच पत्रांतून घरी येऊ लागले. रायपूर आणि जबलपूर येथून निघणाऱ्या ‘देशबंधु’ या दैनिकात परसाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. त्या काळी पोस्टकार्ड १५ पैशांना मिळे. लहान गावातल्या तरुणालाही तेवढ्यात आपल्या लेखकाला थेट काही विचारता येई.

या सदराविषयी नेहमी सांगितले जाते ते असे : आरंभी प्रश्न सिनेमाचे, प्रेमाचे, थट्टेचे असत, परसाईंनी हळूहळू वाचकांना सामाजिक आणि राजकीय प्रश्नांकडे वळवले, पुढे प्रश्न देशाबाहेरच्या घडामोडींपर्यंत पोहोचले. हे सदर पुढे ‘पूछो परसाई से’ या नावाने ग्रंथरूपात आले, त्यामुळे तुम्ही स्वतः ते तपासू शकता.

पण तपासताना सावध राहा. आपल्यासमोर आहेत ते छापलेले प्रश्न. आलेली सगळी पत्रे नव्हेत. समजा, एखाद्या वाचकाच्या लक्षात आले की नटनट्यांविषयीच्या प्रश्नाला चार शब्दांचे उत्तर मिळते आणि महागाईवरच्या प्रश्नाला परिच्छेदभर. तो पुढचे पत्र कशावर लिहील? म्हणजे वाचकांची आवड खरोखर बदलली, की कोणते पत्र छापून येते हे ते शिकले? माझ्या मते दोन्ही घडले असावे, आणि दुसरी गोष्ट पहिलीला कमीपणा आणत नाही. छापून यावे म्हणून का होईना, कोणी अर्थसंकल्पावर प्रश्न विचारायचा ठरवला, तर आधी त्याला अर्थसंकल्पाची बातमी वाचावी लागणारच.

स्त्रियांची पत्रे किती, शहरांची किती, खेड्यांतली किती, ही मोजणी संग्रह समोर ठेवून करण्यासारखी आहे. प्रश्नांचे विषय कालानुक्रमे मांडून पाहा; वरचे प्रचलित विधान कितपत टिकते ते तुमच्या तक्त्यात दिसेल. न छापलेली पत्रे मात्र त्या तक्त्यात कधीच येणार नाहीत. १० ऑगस्ट १९९५ रोजी परसाईंचे जबलपुरातच निधन झाले, आणि हा पत्रव्यवहारही थांबला.