सोबत बांधलेले

आकाशवाणीवर बोलायला सांगितले तेव्हा मी विचारले, विद्यापीठाच्या ग्रंथालयात कार्डे लावत बसलेल्या माणसाकडे लोकांना ऐकण्यासारखे काय असणार? त्यांचे उत्तर होते, मग त्या कार्डांबद्दलच बोला. तर कार्डांबद्दलच बोलतो.

मी 1974 साली आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक म्हणून लागलो. दाराशी देवघेव विभाग होता. त्याच्या उजव्या हाताला सागवानी कपाटे, आणि त्या कपाटांत लहान लहान ड्रॉवर. प्रत्येक ड्रॉवरमध्ये साडेसात सेंटीमीटर उंच आणि साडेबारा सेंटीमीटर रुंद अशी जाड कागदाची कार्डे उभी लावलेली असत. खालच्या भोकांतून एक पितळी सळई गेलेली असे, म्हणजे कार्ड कोणी उपसून नेऊ नये. एका पुस्तकाला निदान तीन कार्डे: लेखकाचे, नावाचे आणि विषयाचे. मराठी लेखकांमुळे चौथेही लागायचे. कुसुमाग्रज शोधणाऱ्याला ‘शिरवाडकर पाहा’ आणि गोविंदाग्रज शोधणाऱ्याला ‘गडकरी पाहा’ असे सांगणारे कार्ड. नवा विद्यार्थी वैतागायचा, पण दोनदा फसला की शहाणा व्हायचा.

या कार्डांचा जन्म मोठा गमतीचा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांची आणि सरदारांची ग्रंथालये सरकारजमा झाली. लाखो पुस्तकांची यादी करायची तर कागद आणायचा कुठून? 1791 साली त्यांनी पत्त्यांच्या पानांवर नोंदी करायला सांगितले. त्या काळी पत्त्यांची मागची बाजू कोरी असे. म्हणजे राजाच्या किंवा गुलामाच्या पाठीवर धर्मग्रंथाची नोंद! पुढे 1861च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने वाचकांना स्वतः चाळता येईल अशी कार्डतालिका केली. तोवर तालिका म्हणजे छापील किंवा हस्तलिखित जाड वही, आणि नवे पुस्तक आले की ती जुनी. कार्डाचे तसे नाही. हवे तिथे खुपसा, हवे तेव्हा काढा. मेल्व्हिल ड्यूई यांनी 1876 साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यातला मराठी साहित्याचा 891.46 हा आकडा मी झोपेतही सांगेन. 1887 साली न्यूयॉर्कला त्यांनी ग्रंथपालांची शाळाही काढली. कार्डावर अक्षर कसे काढायचे, गोल, सुटे, स्पष्ट, याचेही धडे त्या काळच्या ग्रंथपालांना मिळत.

आपल्याकडे ही विद्या दोन वाटांनी आली. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. आणि 1924 साली मद्रास विद्यापीठाने गणिताच्या एका प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमले. ते एस. आर. रंगनाथन. ग्रंथालयातल्या शांततेला ते प्रथम इतके कंटाळले, की परत वर्गावर जाऊ द्या म्हणू लागले. त्यांना शिकायला लंडनला पाठवले. तिथे एका दुकानात मुलांचे मेकॅनो पाहताना, त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू जोडून कितीतरी वस्तू होतात तसे विषयही जोडता येतील, असे त्यांच्या मनात आले. त्यातून 1933 साली कोलन वर्गीकरण पुढे आले. त्यांची 1931 सालची पंचसूत्री आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. त्यातले चौथे सूत्र वाचकाच्या वेळेबद्दल आहे. ते मला फार उशिरा कळले, आणि कसे कळले तेच सांगायचे आहे.

मराठी कार्डांचे प्रश्न आमचे आम्हालाच सोडवावे लागत. ‘ज्ञ’ कुठे लावायचा? वर्णमालेत तो शेवटी, उच्चारात द-न-य, आणि मुळात ज आणि ञ. आमच्या वरिष्ठांनी तो शेवटी लावला होता, आणि शेजारच्या गावच्या महाविद्यालयात ‘ज’मध्ये. यावर चहाच्या वेळी भांडणे होत. पुढे युनिकोड आले आणि त्याने ‘ज्ञ’ ज-ञ असा घडवून वाद परस्पर मिटवला.

पण युनिकोड आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. 1996 साली आमच्याकडे संगणक आले, त्याच वर्षी अहमदाबादचे इन्फ्लिबनेट स्वतंत्र केंद्र झाले होते. सगळी कार्डे संगणकात भरायचे ठरले. पुण्याच्या सी-डॅकने देवनागरीची सोय केव्हाच केली होती, पण ती आमच्या यंत्रांत नव्हती. मग मराठी पुस्तके रोमन अक्षरांत भरायची. आम्ही तिघे भरणारे. ज्ञानेश्वरी एकाने डी-एन-ने सुरू केली, दुसऱ्याने जे-एन-ने, तिसऱ्याने जी-वाय-ने. शोधणाऱ्याला एक तृतीयांश ज्ञानेश्वरी सापडे.

हे हसण्यावारी नेता येते. माझी चूक तशी नाही.

जुन्या काळी पातळ पुस्तिका एकेकटी ठेवली तर फाटते म्हणून सहा-सात पुस्तिका एकत्र शिवून एक जाड खंड करत. फळीवर खंड एकच, पण कार्डे प्रत्येक पुस्तिकेची वेगळी. दुसरीपासून पुढच्या कार्डांवर खाली लिहिलेले असे: ‘वरील ग्रंथासोबत बांधलेले’. संगणकात या प्रत्येकीची नोंद करायची तर खंडाला जोडणाऱ्या दोन-तीन रकाने जास्त भरावे लागत. आम्हाला रोजचा कोटा होता. मी पहिल्या पुस्तिकेची नोंद करायचो आणि बाकीची कार्डे पुढे सरकवायचो. नंतर भरू, असे म्हणून. कोणी सांगितले नव्हते, माझे मीच ठरवले. 2001 साली काम संपल्याचा अहवाल गेला. कपाटे विकली. कार्डांचे गठ्ठे करून वाचकांना पुस्तकाचा क्रमांक टिपायला देवघेवीच्या टेबलावर ठेवले, कारण पाठीमागून ती कोरी होती.

2005 साली एक मुलगी आली, प्लेगच्या काळातल्या मराठी पुस्तिकांवर पीएच.डी. करणारी. 1897च्या पुण्यातल्या साथीत निघालेली एक पुस्तिका तिला हवी होती. दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीत तिला उल्लेख मिळाला होता. (शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. आम्ही तिघांना एक विद्यापीठ धड जमवता आले नाही!) मी संगणकावर पाहिले, नाही. रोमनमध्ये चार तऱ्हांनी पाहिले, नाही. “बाई, आमच्याकडे नाही,” असे मी ठामपणे सांगितले. ती तालुक्याच्या गावाहून एसटीने आली होती. दोनदा आली.

पुढच्या वर्षी केव्हातरी टेबलावर एका विद्यार्थ्याने टाकून दिलेले कार्ड मी उचलले. मागे पुस्तकाचा क्रमांक खरडलेला. उलटले तर माझ्या वरिष्ठांच्या गोल, सुट्या अक्षरात: ‘वरील ग्रंथासोबत बांधलेले’. पुस्तिका भलतीच होती, शेतीवरची. पण माझ्या पोटात धस्स झाले. मी दाखल-नोंदवह्या काढल्या. त्या, सुदैवाने, रद्दीत गेल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तिची पुस्तिका मिळाली, आरोग्यविषयक खंडात पाचवी. कडा खाल्लेल्या, पण पाने पुरी.

तिला पत्र घातले. तिचे उत्तर आले, साधे आणि सौजन्याचे. प्रबंध चार महिन्यांपूर्वीच सादर झाला होता.

2008 साली निवृत्त झालो. त्यानंतर दोन वर्षे आठवड्यातून तीन दिवस मी जाड खंड उघडत बसलो. तोवर यंत्रे बदलली होती, देवनागरीत टंकता येत होते. शंभराच्या वर पुस्तिका नव्याने नोंदल्या. लोक म्हणत, काकांना घरी करमत नाही. मी हो म्हणायचो. नंतर डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा धर्म आणि नीती या विभागांची कपाटे राहिली होती. ती अजूनही तशीच आहेत.

त्या मुलीचा प्रबंध आमच्याच ग्रंथालयात आहे. दुसऱ्या प्रकरणात, त्या पुस्तिकेची प्रत कोठेही उपलब्ध झाली नाही, असे एक वाक्य आहे. प्रबंध तळमजल्यावर, पुस्तिका दुसऱ्या मजल्यावर.