उंदरांचे विष आणि हृदयाची झडप

हृदयात यांत्रिक झडप बसवली की रक्त न गोठू देणारी गोळी जन्माची सोबतीण होते. आपल्या मंडळातही अशी मंडळी असतील. या गोळीचा उगम मात्र गोठ्यात आहे.

१९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात येऊन थडकला. बरोबर मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त! 'स्वीट क्लोव्हर'चा बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरतात, हे कॅनडा व नॉर्थ डाकोटातील पशुवैद्यांनी आधीच ताडले होते. त्यातला दोषी पदार्थ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेला १९३९ मध्ये सापडला. त्याचाच भाऊबंद वॉरफरिन १९४८ साली बाजारात आला, तो उंदीर मारायला. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मान्य झाले आणि पुढल्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना देण्यात आले.

१९६० मध्ये ओरेगॉनला अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी झडप बसवली आणि खरी कोंडी सुरू झाली. परक्या वस्तूवर रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. औषध वाढवावे, तर त्याच मेंदूत रक्तस्राव! शिवाय मोजायचे कसे? तपासणीचे रसायन बदलले की आकडा बदले. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'आय.एन.आर.'चे समान माप स्वीकारले. माझ्या मते हा शोध झडपेच्या तोडीचा, पण कौतुक फारसे कोणी केले नाही. सर्वसाधारणपणे महाधमनीच्या झडपेला २ ते ३, मायट्रल झडपेला २.५ ते ३.५ हे लक्ष्य असते.

मेंदूत रक्तस्राव झालाच, तर शिरेतून व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचा अर्क देऊन वॉरफरिनचा परिणाम उलटवतात. कठीण प्रश्न त्यानंतरचा: गोळी पुन्हा कधी सुरू करायची? घाई केली तर रक्तस्राव, उशीर केला तर गुठळी. बहुधा आठवडा-दोन आठवडे थांबतात, पण निर्णय रुग्णागणिक वेगळा.

नवी औषधे आली, तरी यांत्रिक झडपेसाठी डाबिगाट्रान आजमावले तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली (२०१३ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला). म्हणून वॉरफरिन अजून टिकून आहे. मेथी-पालक वर्ज्य नाहीत, पण प्रमाण रोज सारखे हवे. आणि भारतात जाताना गोळ्या पुरेशा न्याव्यात. तिकडे याच कामासाठी असेनोकूमरॉल पुष्कळ वापरतात, आणि त्याची मात्रा वॉरफरिनपेक्षा निराळी असते.